साखरेचा नकाशा

पित्ताशयातला खडा काढायची तारीख ठरली आणि त्याच दिवशी माझ्या रक्तात साखर सापडली. थोडीथोडकी नाही, तीनशे बारा. घरातला एक उंदीर हाकलायला जावं आणि माळ्यावर त्याचं अख्खं बिऱ्हाड सापडावं, तशी गत.

"काका, साखर ताब्यात आल्याशिवाय खड्याला हात लावायचा नाही," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. आमच्या वॉर्डाला दोन डॉक्टर होते. मोठे डॉक्टर सकाळी येत, पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदाशी बोलत आणि निघून जात. छोट्या डॉक्टर माणसांशी बोलत. वय अठ्ठावीस-तीस, खिशात चार पेनं, त्यातलं एकही उठत नसे. "आठवडाभर इथेच राहा. आणि हरकत नसेल तर दंडावर एक सेन्सर बसवू. तो दर पाच मिनिटांनी साखर मोजतो. सारखं बोटाला टोचायला नको."

टोचायला नको, एवढ्यावर बाकीच्या पेशंटांनी सह्या ठोकल्या होत्या. मी भुललो तो 'दर पाच मिनिटांनी' या शब्दांना. यात दोष माझ्या नोकरीचा. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतोय. जमिनीखालून नळ कुठून जातो, पाणी कुठे पोचतं आणि कुठे मुरतं, हे रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसत नाही, मला दिसतं. (आमच्या वरिष्ठांनाही दिसत नाही, पण तो विषय वेगळा.) दुसऱ्यांच्या पायाखालचं इतकं बघितलं, पण स्वतःच्या कातडीखाली काय चाललंय ते पंचावन्न वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

मी प्रश्न विचारले. पहिल्या तीनांची उत्तरं छोट्या डॉक्टरांनी आनंदाने दिली, पुढच्या चारांची सोशिकपणे, आणि आठव्याला घड्याळ बघितलं. कळलं ते इतकंच: कातडीखाली केसाएवढी तार राहते, ती तिथल्या पाण्यातली साखर मोजते, आणि रक्तात जे घडतं ते या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचतं. म्हणजे अगदी आमचं खातं. टाकीत पाणी आलं तरी गल्लीत उशिराच.

मग फॉर्म. चार पानं, सहा सह्या, आणि एक सही नातेवाइकाची. हिने सही करून 'नाते' या रकान्यात 'बायको' असं लिहिलं. मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

"बायको नाही चालत. पत्नी लिहा."

"दोन्ही मीच आहे," ही म्हणाली. ही शाळेत गणित शिकवते. दोन बाजू समान असल्या की तिच्या लेखी विषय संपतो. सिस्टरांच्या लेखी संपला नाही. नवा फॉर्म आला, पुन्हा चार पानं, सहा सह्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाचं सरकार. पांढरा कडक गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आवाज असा की ऐकून सलाइनचे थेंबही शिस्तीत पडावेत.

शेवटी 'खट्' असा आवाज झाला आणि शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी पांढरी चकती माझ्या डाव्या दंडावर बसली. आकडा दोन ठिकाणी दिसे. एक, पलंगाला अडकवलेल्या छोट्या फोनसारख्या यंत्रावर. दुसरा, वॉर्डाच्या तोंडाशी असलेल्या सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर. तिथे सेन्सर लावलेल्या आम्हा सहा जणांच्या सहा रेघा शेजारी शेजारी वळवळत. कुणाची साखर फार खाली गेली की टेबलावर घंटा वाजे.

माझा पहिला आकडा दोनशे शहाऐंशी. मी बघतच राहिलो. पाच मिनिटांनी दोनशे एक्क्याऐंशी. पाच मिनिटांनी दोनशे ब्याऐंशी. क्रिकेटच्या धावफलकात मला कधी गोडी वाटली नाही, पण हा सामना सोडवेना. मी हिच्याकडून वही आणि शिसपेन्सिली मागवल्या.

पहिल्या दोन दिवसांतले माझे शोध असे: व्हरांड्यातून दहा फेऱ्या मारल्या की साखर चाळीसने उतरते. सफरचंद गरीब दिसतं पण तसं नसतं. आणि मोठ्या सिस्टरांनी नुसतं "सात नंबर!" अशी हाक मारली तरी वीस मिनिटांनी रेघ नाक वर करते. मी सात नंबर.

माझं बघून वॉर्डाला लागण झाली. पूर्वी सकाळी लोक एकमेकांना "झोप लागली का?" असं विचारत, आता "किती?" एवढंच. एकशे साठवाला एकशे नव्वदवाल्याकडे जरा दयेने बघे. उजवीकडच्या आठ नंबरवर ड्रायव्हिंग मास्तर होते. लोकांना गाडी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि कुठलाही विषय ते गिअरमध्ये टाकूनच बोलत.

"साखर म्हणजे उतार आहे साहेब. ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही. आधीच गिअर बदलायचा."

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"ते तुमच्या डॉक्टरने सांगायचं. मी तत्त्व सांगितलं."

डावीकडे सहा नंबरवर शिंपीकाका. पायाची जखम भरत नव्हती म्हणून महिनाभर मुक्काम. बोलणं मोजकं. हॉस्पिटलच्या अंगरख्यांना बटणं नसतात, आणि असली तरी असू नयेत तिथे असतात. काकांनी घरून सुईदोरा आणि बटणांची डबी मागवून अख्ख्या वॉर्डाची अब्रू झाकली होती. गप्पा मारता मारता, खिडकीबाहेर बघत ते सुई बरोबर भोकातून काढत. बघताना वाटे, बोटांनाच डोळे आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डाव्या कुशीवर झोपलो. तारेभोवतालचं पाणी माझ्याच वजनाने दाबलं गेलं, की तार बिचारी कमी आकडा दाखवते, हे कुणी सांगितलं नव्हतं. (माझा नववा प्रश्न बहुधा हाच असता.) मला जाग आली ती घंटेच्या आवाजाने. डोळे उघडतोय तोवर तोंडात काहीतरी गोड आणि नाकातही तेच.

"गिळा साहेब! अठ्ठेचाळीस! गिळा!" माझ्या छातीवर एक गुडघा ठेवून ड्रायव्हिंग मास्तर ग्लुकोजचं पाणी ओतत होते. नियम असा की आधी बोटाला टोचून खात्री करायची. सिस्टर टोचायचं यंत्र घेऊन धावत आल्याही. पण मास्तरांनी गिअर आधीच बदलला होता.

बोटाचा आकडा आला एकशे शहात्तर. तासाभराने झाला तीनशे चार. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर कागदाला म्हणाले, "अजून ताब्यात नाही," आणि ऑपरेशन पाच दिवस पुढे ढकललं. माझ्याकडे बघून मान हलवली ती अशी, जणू मी रात्रभर हलवायाकडे कामाला होतो.

मी उजव्या कुशीची शपथ घेतली. पण पंचावन्न वर्षांची डावी कूस शपथेने सुटत नाही. आणखी दोन दुपारी घंटा वाजली, आणखी दोनदा सिस्टर धावल्या, दोन्ही वेळा मी ठणठणीत आणि ओशाळा. तिसऱ्या खेपेनंतर टेबलावरच्या घंटेच्या जाळीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कुणीतरी फुलीसारखे लावले. आवाज दबला. माझ्या कानांना बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

आता मेव्हण्याचं प्रकरण.

हिचा धाकटा भाऊ रोज संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत, चार वाजता येई. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं थांबवायची सोय देवाने बसवलेली नाही. एखाद्या कचेरीत तो कागद घेऊन गेला, की कारकून त्याचं काम आधी करतात, कारण त्याशिवाय तो जात नाही. तो आला की खुर्ची जवळ ओढून सुरू करी: "भावोजी, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं." कधी सांगितलं होतं, काय सांगितलं होतं, हे पुढच्या पाऊण तासात उलगडे. चौथ्या दिवशी वही चाळताना माझ्या ध्यानात आलं की चार ते पाच या वेळात रोज एक टेकडी आहे. खाणं नाही, पिणं नाही, तरी टेकडी.

शास्त्रात एका निरीक्षणावर निष्कर्ष काढत नाहीत. म्हणून मी रकाना आखला. 'आगमन ४.१०, आकडा १४२. ४.३५, आकडा १७१. गमन ५.००, आकडा १७७. ५.४५, आकडा १४५.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, वेळ वाढवला तर उंची वाढते का हे बघायला, मी म्हणालो, "आज लवकर नका जाऊ. बसा अजून थोडा वेळ."

त्याचा चेहरा असा उजळला की मला आतून लाज वाटली. "ताई, ऐकलंस? भावोजींनी थांब म्हटलं!" सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं होतं. तो सहापर्यंत बसला. दोनशे तीन.

आणि जाताना, एका ओळखीच्या डॉक्टरचा पत्ता लिहून द्यायला म्हणून त्याने वही उचलली.

त्याने ते पान वाचलं. अक्षर माझं नकाशाकाराचं, सुबक, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. वर ठळक मथळा होता: 'मेव्हणा – परिणाम.' बोलणं थांबवायची सोय नाही असं मी वर म्हटलंय. ते चुकीचं होतं. तो काही न बोलता वही ठेवून गेला.

ही पलंगाच्या कडेवर बसली. वही तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, शिक्षिकेच्या सवयीने एक बेरीजही दुरुस्त केली.

"आणि माझा रकाना कुठाय?"

"तुझा... तुझ्या येण्याने काही फरक पडत नाही."

"काय?"

"म्हणजे रेघ सपाट राहते."

"सपाट," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मी सपाट."

मी जीव तोडून सांगितलं की सपाट रेघ हेच तर ध्येय आहे, हे सगळे डॉक्टर सपाट रेघेसाठी धडपडताहेत, औषधाने होत नाही ते तुझ्याने होतं. तिने पिशवी उचलली. "उद्या त्याला फोन करून माफी मागा. आणि मला स्वच्छ टॉवेल आणायचा आहे, तो आणते," असं म्हणून गेली. त्यानंतर माझी रेघ कुठे गेली हे मी मुद्दाम लिहून ठेवलेलं नाही.

टॉवेल दुसऱ्या दिवशी आला, घरातला सर्वांत खरखरीत. तरी फोन करायचा धीर होईना. मनाला गुंतवायला काहीतरी हवं म्हणून मी दुसऱ्यांच्या रेघांकडे वळलो. बाकी पाचही जणांना विचारून, त्यांच्या यंत्रांवरचे आकडे घेऊन, जुन्या भित्तिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी एक मोठा नकाशा काढला. आडवी वेळ, उभी साखर, सहा रेघा. शिंपीकाकांनी कडा सरळ कापून दिल्या. मास्तरांनी सूचना दिल्या.

नकाशा पूर्ण झाला आणि मी पेन्सिल खाली ठेवली. सकाळी आठला सहा रेघा सहा दिशांना जात होत्या, रात्रीच्या जेवणालाही तसंच. पण दुपारी पावणेएक ते सव्वाएक या अर्ध्या तासात सगळ्याच्या सगळ्या खाली झुकत होत्या. कुणाची जास्त, कुणाची थोडी, पण रोज. एकाच वळणावर सगळ्या गाड्यांनी खड्ड्यात जावं तशा. शिंपीकाकांची तर सर्वांत खोल: एके दिवशी ऐंशी, पुढे अठ्ठ्याहत्तर, मग चौऱ्याहत्तर. घंटा सत्तरच्या खाली वाजते, म्हणून अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. बोटाला टोचून मोजत तेव्हा तर सव्वाबाराला मोजत आणि मग एकदम तीनला. मधली दरी कुणाच्या बापाला दिसणार?

माणसं तीच, जेवणाआधीची इन्सुलिनची सुई तीच, औषध तेच. मग दुपारीच का? नळ गळतो कुठे?

भिंतीवर लावलेला नकाशा मोठ्या सिस्टरांनी बरोबर चार मिनिटांत उतरवला.

"सात नंबर, हे काय आहे?"

"सिस्टर, दुपारी सगळ्यांची साखर..."

"दुसऱ्या पेशंटची माहिती भिंतीवर? ती ज्याच्या त्याच्या कागदाबाहेर जाता कामा नये."

"त्यांना विचारून..."

"लेखी?"

लेखी नव्हतं. त्यांचं म्हणणं नियमाने बरोबर होतं, आणि नियमाने बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालणं किती निरर्थक असतं हे सरकारी नोकराला सांगावं लागत नाही. नकाशा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. "परवानगी हवी तर तळमजल्यावर नोंदणी विभागात अर्ज करा," एवढं मात्र त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं मी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबाराला मी अंगरख्यावर शाल पांघरून निघालो. लिफ्टसमोर भेटायला येणाऱ्यांची ही गर्दी, म्हणून चार मजले जिन्याने उतरलो.

नोंदणी विभागातल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. "दंडावरची वस्तू भांडार विभागाची. त्यातून येणारा आकडा वॉर्डाचा. तो कागदावर चढला की आमचा."

"आणि मी?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही डिस्चार्ज झाल्यावर आमचे."

अर्जाचा नमुना संपला होता. उद्या या म्हणाल्या. मी बाहेर आलो आणि समोर बघतो तर जेवणाची ट्रॉली. तीन मजली, स्टीलची, वर आमच्याच वॉर्डाची पाटी. लिफ्टसमोर उभी. तिच्या दांड्यावर कोपर टेकून आमचे ट्रॉलीवाले मामा गर्दीकडे बघत होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस.

"मामा, जेवण इथे कसं?"

"रोज इथेच असतं. बारा-वीसला स्वयंपाकघरातून निघतो मी. पण ते वाचा की." लिफ्टशेजारी सूचना होती: 'दुपारी १२ ते १ भेटीची वेळ. या वेळेत लिफ्ट फक्त अभ्यागतांसाठी. हुकमावरून.'

"कुणाच्या हुकमावरून?"

"ते लिहिलेलं नाही. दोन महिने झाले. एक वाजता लिफ्ट मिळते, मग मी वर येतो."

"आणि सकाळी, रात्री?"

"तेव्हा कोण येतंय भेटायला? सुसाट येतो."

गळती सापडली. जेवण एकच्या पुढे येतं हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तीच त्याची वेळ, असं सगळे समजून होते. वर साडेबाराला सुई, वेळापत्रकाप्रमाणे, मिनिटाचा फरक नाही. जेवणाआधीची सुई. आणि ज्या जेवणाआधीची ती सुई, ते जेवण इथे खाली झाकणाखाली थंड होत उभं. मला इतका आनंद झाला की मी मामांशी हस्तांदोलन केलं. मग शिंपीकाकांची रेघ आठवली. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. पुढचा आकडा कुठला, हे सांगायला गणिताची शिक्षिका लागत नाही.

चार मजले मी कसे चढलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. वॉर्डाच्या दाराशी टेबलावर कुणीच नव्हतं. कारण उघड होतं: मी यंत्रापासून लांब गेल्यामुळे सात नंबरच्या रेघेच्या जागी 'संपर्क नाही' असं आलं होतं, आणि दोघी सिस्टर मला न्हाणीघरात, जिन्यात, गच्चीवर शोधत होत्या. पडद्यावर मात्र सहा नंबर लाल होऊन लुकलुकत होता. घंटा वाजत होती. जवळ गेल्यावर ऐकू आली. चिकटपट्टीच्या फुलीखालून, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी.

शिंपीकाका पलंगावर बसून कुणाच्या तरी अंगरख्याला बटण लावत होते. मी दारातूनच बघितलं. सुई बटणाच्या शेजारून गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा बोटात. त्यांनी रक्ताच्या थेंबाकडे असं बघितलं, जणू ते बोट दुसऱ्याचं आहे. कपाळ घामाने डबडबलेलं.

"काका! काका, बरं वाटतंय ना?"

"माप चुकलंय," ते म्हणाले. "बाहीचं माप... परत घ्या." जीभ जड झाली होती.

"मास्तर! ग्लुकोज कुठाय?" मी ओरडलो.

ड्रायव्हिंग मास्तर जागचे हलले नाहीत. मागच्या वेळी त्यांना इतकं बोलणं ऐकावं लागलं होतं की त्यांनी पुन्हा ग्लुकोजला हात लावणार नाही असं जाहीर केलं होतं. "सिस्टरना विचारल्याशिवाय नाही साहेब," ते हात वर करून म्हणाले. मग काकांचा चेहरा बघितला, आणि उठून व्हरांड्यात गेले, आणि आयुष्यभर शिकाऊ ड्रायव्हरांवर ओरडून कमावलेला आवाज सगळा लावला: "सिस्टर! सहा नंबर!"

मोठ्या सिस्टर धावत आल्या. धावताना त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं; किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरलेला, आवाज होऊ नये म्हणून. बोट टोचलं: पन्नास. त्यांनी काकांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि ग्लुकोज घोटघोट पाजलं. "गिळा बाबा. हळू. अजून एक." तो आवाज वॉर्डाने कधी ऐकला नव्हता. पंधरा मिनिटांनी बहात्तर, मग ब्याण्णव. काकांनी इकडेतिकडे बघितलं, मांडीवरचा अंगरखा उचलला आणि म्हणाले, "हे बटण कुणी लावलं असं?"

आम्ही कुणीच हसलो नाही. मग सगळेच हसलो.

एक वाजून दहा मिनिटांनी ट्रॉली खडखडत आत आली. मोठ्या सिस्टरांनी ट्रॉलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठे होतात?"

मी सगळं सांगितलं. सूचना, लिफ्ट, मामा. आणि हेही सांगितलं की घंटेवरची पट्टी माझ्या डाव्या कुशीमुळे लागली, आणि तुम्ही टेबलावर नव्हतात तेही माझ्यामुळेच. शोध लावणाऱ्याची ऐट मी मनात तयार ठेवली होती. ती कुठे गेली कळलं नाही.

टेबलाशी जाऊन त्यांनी नखाने पट्टी खरवडून काढली. मग कपाट उघडून माझा नकाशा बाहेर काढला, टेबलावर पसरला आणि छोट्या डॉक्टरांना बोलावलं. दोघी त्यावर वाकून बराच वेळ बघत होत्या. "सात नंबर," हाक आली, "ही दरी आहे, तिच्या बरोबर वर सुईची वेळ लिहा. आणि ट्रॉलीची." मी लिहिली. छोट्या डॉक्टरांचं पेन उठत नव्हतं, माझी पेन्सिल दिली.

त्याच संध्याकाळपासून वॉर्डात नियम झाला: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. त्यासाठी मोठ्या सिस्टरांना कुणाचा हुकूम लागला नाही. पण लिफ्टवरची सूचना त्यांच्या हातातली नव्हती. ती अधीक्षकांच्या कचेरीची. तिथे पत्र पाठवलं की पोच यायला आठवडा, उत्तर यायला देव जाणे.

तेव्हा मी मेव्हण्याला फोन केला.

आधी माफी मागितली. ती पाठ करून ठेवली होती, तरी मध्येच अडखळलो. मग मी म्हणालो, "आणि एक काम होतं. तुमच्याशिवाय कुणाला जमेल असं वाटत नाही." हे खुशामत म्हणून म्हटलं नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं.

तो दुसऱ्या दिवशी अकराला अधीक्षकांच्या कचेरीत शिरला. साडेबाराला वर आला तेव्हा त्याच्या हातात लिफ्टशेजारची ती सूचना होती, खिळ्यासकट.

"कशी काय काढलीत?"

"काही नाही. हुकूम कुणाचा, एवढंच विचारत राहिलो. शेवटी निघालं असं, की कुणी बडा पाहुणा येणार होता, त्या एका दिवसापुरतं लावलं होतं. काढायचं राहिलं." तो खुर्ची जवळ ओढून बसला. "भावोजी, खरं सांगू? त्या साहेबांच्या दंडाला तुमचं ते बटण असायला हवं होतं. काय टेकडी दिसली असती!"

मी इतका हसलो की पोटातला खडा टोचला. हीही हसली, आणि मला त्या दिवशी आणलेला टॉवेल जरा कमी खरखरीत वाटला.

पुढे ढकललेल्या तारखेला माझं ऑपरेशन झालं. साखर शहाण्यासारखी वागली. खडा एका बाटलीत घालून दाखवला. वाटाण्याएवढा, पिवळट, एवढ्या गाजावाजाला न शोभणारा. ऑपरेशनच्या आधी मोठ्या सिस्टरांनी चकती सोलून काढली. शिंपीकाकांनी ती मागून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि त्या केसाएवढ्या तारेकडे एक डोळा मिटून बघत राहिले. "एवढ्या बारीक सुईने मी कधी शिवलं नाही," ते म्हणाले आणि चकती अदबीने परत केली. त्यांची जखम भरत आली होती. नकाशा छोट्या डॉक्टरांनी नेला, नावं खोडून, कुठल्याशा बैठकीत दाखवायला. पेन्सिलही नेली.

घरी आलो. आठ दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. चहा प्यायलो की दंडाकडे बघायचो. तिथे नुसता एक तांबूस गोल. माझी साखर आत्ता किती आहे हे जगात कुणालाच माहीत नाही, या विचाराने बेचैन व्हायला होई. बोटाला टोचायचं यंत्र घरात होतं, पण दिवसातून दोनदाच टोचायचं असं डॉक्टरांनी बजावलेलं.

एका संध्याकाळी ही वह्या तपासत बसली होती. मी येरझारा घालत होतो.

"काय झालं?" तिने मान वर न करता विचारलं.

"किती असेल, असा विचार करत होतो."

तिने लाल पेन खाली ठेवलं, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. कपाळ, डोळे, ओठ. मग हात पुढे करून माझी बोटं चाचपली.

"एकशे अडतीस."

"असं तोंडाकडे बघून कळत नसतं."

"टोचा मग."

टोचलं. यंत्राने तीन, दोन, एक असं मोजलं आणि आकडा दाखवला: एकशे एक्केचाळीस.

मी यंत्र तिच्यापुढे धरलं. तिने लाल पेन उचललं आणि पुढची वही ओढली.

"यंत्र थोडं जास्त दाखवतंय," ती म्हणाली.